सायबर ट्रेनिंगचं सरकारी काम आलंय, सही करायच्या आधी एवढं बघा

दादा, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की कवठेमहांकाळ तालुक्यात तुमची बचत गटांबरोबर काम करणारी छोटी संस्था आहे, माणसं पाच, आणि जिल्ह्यावरून विचारणा आलीय की सायबर सुरक्षेचं प्रशिक्षण घ्याल का, पन्नास गावं, तीन महिने, पाच हजार लोक, पैसे काम झाल्यावर. घ्यावं का, आणि घेतलं तर करारात काय मागून घ्यावं.

घ्या. पण पन्नास गावं आणि पाच हजार लोक हा आकडा आहे तसा घेऊ नका, माझं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवतीच आहे. मी आधी मिरजेत एमएस-सीआयटीचा क्लास चालवायचे, नंतर संस्थेत आले, गेली बरीच वर्षं सांगली-सातारच्या गावांत डिजिटलचं ट्रेनिंग घेतेय, सरकारबरोबरचे करार चांगलेपण केलेत आणि फसलेलेपण केलेत.

फसलेला आधी सांगते. आमचा पहिला सायबरचा करार असाच होता, चाळीस गावं. दिवसाला दोन गावं, पाऊण तासाचा कार्यक्रम, बॅनर लावायचा, स्लाइड दाखवायच्या, हजेरीवर सह्या, जीपीएस कॅमेऱ्याने फोटो, की चला पुढच्या गावाला. कागदावर सगळं चोख, रिपोर्ट पण छान गेला. चार महिन्यांनी त्यातल्याच खानापूर तालुक्यातल्या एका गावातून एका ताईचा फोन आला. नवरा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवायच्या कामाला कोइम्बतूरला, ही घरी सासू आणि पोरांबरोबर. शुक्रवारी दुपारी व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, लाइट बिल थकलंय, आज रात्री कनेक्शन कट होणार, खाली एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये अॅप बसवणारी. तिने ती उघडली, इन्स्टॉल केली, विचारल्या त्या सगळ्या परवानग्या दिल्या, आणि तासाभरात तीन वेळा मिळून बासष्ट हजार गेले. तिने नवऱ्याला फोन लावला, तो भट्टीवर, संध्याकाळी बोलणं झालं, तो म्हणाला बँकेत जा. शनिवार दुसरा, मग रविवार. सोमवारी बँक उघडल्यावर ही पासबुक घेऊन रांगेत. तोवर काय राहणार त्या खात्यात.

आमच्या हजेरीत तिची सही होती. मी जाऊन वही काढून बघितली, सतराव्या नंबरवर. ऑनलाइन पैसे गेले की लगेच लावायचा सरकारी नंबर १९३० आम्ही बॅनरवर मोठ्ठा छापला होता, आणि तो बॅनर कार्यक्रम संपल्यावर गुंडाळून जीपमधून परत आणला होता, कारण पुढच्या गावाला तोच लावायचा होता. मला त्या दिवसापासून हजेरीच्या आकड्यावर विश्वास ठेवता येत नाही.

म्हणून करार करताना पहिला प्रश्न हा विचारायचा की मोजणार काय. सरकारी योजनेत जे मोजलं जातं तेच काम होतं, यात कुणाची वाईट नियत नसते, पैसे त्यावर अडकलेले असतात. पीएमजीदिशा आठवत असेल तुम्हाला, २०१७ ते मार्च २०२४ चाललेली ग्रामीण डिजिटल साक्षरतेची योजना, सहा कोटी घरांचं टार्गेट, घरटी एक माणूस, वीस तासांचं शिक्षण. प्रशिक्षण संस्थेला एका माणसामागे तीनशे रुपये, तेपण तो परीक्षा पास झाल्यावर. म्हणजे तासाला पंधरा रुपये. योजना चांगली होती, आमच्याकडच्या कितीतरी बायकांनी पहिल्यांदा माऊस तिथंच धरला. पण पैसा सर्टिफिकेटला लटकला की सगळ्यांचं डोकं परीक्षेकडं, आणि महिन्याभराने त्या बाईला मोबाइलवरून स्वतःचं स्वतः पैसे पाठवता येतायत का हे बघायला कुणी फिरकत नाही, कारण त्याला रकानाच नाही.

सायबरमध्ये हे जास्त महागात पडतं. इथं शिकवलेलं वापरायची वेळ कधी येईल सांगता येत नाही, आणि आली की हातात तास-दोन तासच असतात. १९३० कसं चालतं ते ट्रेनर लोकांनाही पुष्कळदा नीट माहीत नसतं म्हणून सांगते. २०२१ मध्ये गृह मंत्रालयाच्या आयफोरसी या सायबर गुन्ह्यांसाठीच्या केंद्राखाली ही सिस्टीम सुरू झाली, तेव्हा नंबर १५५२६० होता, पुढं तो १९३० झाला. तुम्ही फोन केला की समोरचा माणूस तुमची बँक, खातं, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर विचारतो, ते सिस्टीममध्ये टाकतो, आणि पैसे ज्या बँकेत गेले तिला तो अलर्ट जातो. पैसे तिथं पडून असतील तर रोखले जातात, पुढं गेले असतील तर पुढच्या बँकेला अलर्ट, असं मागं मागं जातं. चोर इकडून घेऊन एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून चार खात्यांत फिरवतो आणि एटीएममधून काढून मोकळा होतो, म्हणून सगळा खेळ वेळेचा. फोन झाल्यावर मिळालेला नंबर घेऊन चोवीस तासांत सायबर क्राइमच्या सरकारी पोर्टलवर बाकीची माहिती भरायची असते, हे अर्धे लोक विसरतात. आणि रोखलेले पैसे आपोआप परत खात्यात येतात असंही नाही, त्याला पुढं पोलीस, बऱ्याचदा कोर्टाचा आदेश अशी वाट असते. पण रोखलेच गेले नाहीत तर परत मागायला काही उरतच नाही. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे, चूक ना तुमची ना बँकेची अशा व्यवहारात बँकेकडून कळल्यापासून तीन कामाच्या दिवसांत बँकेला कळवलं तर नुकसान ग्राहकावर येत नाही. पण ओटीपी, पिन आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणजे तिथंही कळवायची घाई आलीच.

मग आम्ही काय मोजायला लागलो ते सांगते. जत तालुक्यात पूर्वेकडच्या एका गावात समाजमंदिरात बावीस बायका बसल्या होत्या. मी म्हटलं, आज स्लाइड नाही, सगळ्यांनी फोन काढा, मागच्या आठवड्यात कुणाला तरी पैसे पाठवलेत ना, तो व्यवहार उघडा आणि त्यातला बारा आकडी नंबर मला वाचून दाखवा. यूपीआयचा यूटीआर नंबर, १९३० वर हाच विचारतात. बावीसपैकी सात जणींना सापडला. बाकीच्या कुणी मोबाइल नंबर वाचला, कुणी रक्कम, एकीने दुकानदाराचा क्यूआर काढून दाखवला. या सगळ्या रोज फोनपे वापरणाऱ्या बायका बरं का, किराणा, बिशी सगळं त्यावर. अर्धा तास नुसतं तेच केलं, शेजारणीने शेजारणीला शिकवलं. मग एक आजी म्हणाली मला नाही येत, माझ्याकडं बटनाचा फोन, मी अंगठा लावून पैसे काढते. तिला यूटीआर शिकवून काय उपयोग, तिला वेगळं सांगायचं: मशीनवर अंगठा लावल्यावर तो म्हणाला की झालं नाही परत लावा, तर आधी पावती माग, खात्यावर मेसेज आलाय का नातवाकडून बघून घे, मगच दुसऱ्यांदा लाव, आणि आधारचं बायोमेट्रिक लॉक करता येतं हे घरातल्या पोराला सांग. महिन्याने परत गेलो, तोच प्रश्न विचारला, सोळा जणींना सापडला. हा आकडा माझ्या दृष्टीने पाच हजार सह्यांपेक्षा मोठा आहे, आणि तो करारात बसवता येतो. आम्ही नंतरच्या करारात लिहूनच घेतलं की प्रत्येक गावात दोन भेटी, दुसरी महिन्यानंतर, आणि दुसऱ्या भेटीत तीन गोष्टी करून बघायच्या: १९३० फोनमध्ये सेव्ह आहे का, यूटीआर सापडतो का, एपीके आली तर काय करणार हे स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का. (उत्तर असं यायला हवं की उघडणार नाही, आणि उघडलीच तर नेट बंद, फोन एअरप्लेन मोडवर आणि दुसऱ्याच्या फोनवरून १९३०. एसएमएस वाचायची परवानगी घेऊन ती फाइल ओटीपी चोराकडं पाठवत बसते, म्हणून नेट आधी तोडायचं.)

साहेब लोक म्हणतात दुसऱ्या भेटीला बजेट नाही. त्यावर माझं उत्तर, मग गावं कमी करा. पन्नासच्या जागी पंचवीस करा, तेवढ्याच पैशात होतंय. कागदावर पन्नास दिसायला पाहिजेत असा आग्रह असेल तर पहिल्या टप्प्यात पंचवीस, दुसऱ्यात पंचवीस असं लिहून घ्या. आम्हाला एका अधिकाऱ्यांनी हे दहा मिनिटांत मान्य केलं होतं, फक्त आधी कुणी मागितलंच नव्हतं.

आता सरकारकडून पैशाशिवाय काय मागायचं, कारण खरी भागीदारी तिथं असते. पहिली गोष्ट, जिल्ह्यात या महिन्यात काय चाललंय याची माहिती. सायबर पोलीस ठाण्याकडं रोज तक्रारी येतात, त्यांना माहीत असतं की आत्ता पीएम किसानच्या नावाने फाइल फिरतेय का लग्नपत्रिकेच्या, का शेअर मार्केटचे ग्रुप जोरात आहेत. नाव-गाव काही नको, नुसते प्रकार, महिन्यातून एकदा अर्धा पान. हे करारात लिहून घ्या, तोंडी ठरवलेलं बदली झाली की गेलं. आणि त्याच्या जोडीला हेपण लिहा की प्रशिक्षणाचं साहित्य बदलायला प्रत्येक वेळी वरून मंजुरी लागणार नाही. कारण हा विषय शिळा फार लवकर होतो. वर्षानुवर्षं आपण शिकवलं की यूपीआयवर कुणी कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे पैसे मागणारी विनंती पाठवली तर पिन टाकू नका. ऑक्टोबर २०२५ पासून माणसाने माणसाला कलेक्ट रिक्वेस्ट पाठवायची सोयच बंद झाली, तरी गावोगावी त्याच स्लाइड चालू. पैसे घ्यायला पिन लागत नाही हे वाक्य अजून खरंच आहे, ते ठेवा. पण नवीन जे आलंय, की बँकेचा व्यवहाराबद्दलचा फोन १६०० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून यायचा, बँकांच्या वेबसाइट बँक डॉट इन या पत्त्यावर गेल्यात, ते त्या स्लाइडमध्ये नाही.

दुसरी गोष्ट, वर्दीतला माणूस. डिजिटल अरेस्ट, म्हणजे व्हिडिओ कॉलवर पोलिसाचं सोंग घेऊन तुम्हाला अटक झालीय असं सांगत पैसे उकळायचे, हा सगळा धंदा वर्दीच्या भीतीवर चालतो. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या मन की बातमध्ये सांगितलं की असं कायद्यात काही नाही, फोनवर तसं सांगणारी कॉलर ट्यून वाजली, तरी माणसं फसतातच, कारण समोर व्हिडिओवर वर्दी दिसली की हातपाय गळतात. सातारा भागात रिटायर्ड फौजी भरपूर, फौजींचं गाव म्हणून ओळखलं जाणारं एक आपशिंगेच बघा, आयुष्यभर हुकूम पाळलेली माणसं, पेन्शन हाताशी, आणि समोरचा म्हणतो मी सीबीआयमधून बोलतोय, कुणाला सांगायचं नाही. आपण संस्थेच्या बायकांनी शंभर वेळा सांगितलं की पोलीस असं करत नाहीत, आणि ठाण्यातल्या एखाद्या महिला कॉन्स्टेबलने सतरंजीवर मांडी घालून बसून सांगितलं, की काका, आम्हाला फोनवर अटक करता येत नाही, असा फोन आला तर कट करा आणि मला लावा, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्टेजवर खुर्ची, हार-तुरे, भाषण नको. सतरंजीवर. साहेबांना हे आधी सांगून ठेवा, ते ऐकतात. आणि उद्घाटनाला दोन तास वाट बघत बायका बसवून ठेवू नका, परत बोलावल्यावर येत नाहीत.

तिसरं, भाषा आणि वेळ. तुमच्या शेजारी जतचा पूर्व भाग कन्नड बोलणारा, तिथं मराठी पोस्टर वाचतील पण भांडण आणि भीती कन्नडमध्येच होते, फसवणुकीचा फोनपण कन्नडमध्ये येतो, तर ट्रेनर तिथलीच पाहिजे. तीन महिन्यांची मुदत जानेवारी ते मार्च असेल तर सरळ नाही म्हणा किंवा मुदत बदलून घ्या, द्राक्षाच्या काढणीत तुमच्याकडं कोण येणार बसायला, बेदाण्याच्या शेडवर अख्खं घर असतं. बायकांना दुपारी एक ते तीन, आणि पुरुष कार्यक्रमाला येतच नाहीत हे गृहीत धरून दूध संकलन केंद्रावर जा, सकाळ-संध्याकाळ ते तिथं किटली घेऊन उभेच असतात, दहा मिनिटांत एक गोष्ट सांगून होते. हे पण सत्र म्हणून धरलं जाईल असं लिहून घ्या, नाहीतर ऑडिटला म्हणतात हॉलचा फोटो कुठाय.

कॉलेजच्या पोरांसाठी विषयच वेगळा ठेवा. त्यांना पासवर्ड शिकवायला जाऊ नका, त्यांना आपल्यापेक्षा जास्त येतं. त्यांना सांगायचंय ते खातं भाड्याने देण्याबद्दल. ओळखीचा कुणीतरी म्हणतो खातं उघडून एटीएम कार्ड आणि सिम मला दे, पाच-दहा हजार घे, पोरगं देतं, आणि त्या खात्यातून कुठल्यातरी म्हाताऱ्याचे पेन्शनचे पैसे फिरतात. मग दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांची नोटीस घरी. माझ्यापुढं एका पोराचा बाप ढसाढसा रडलाय, त्याला म्यूल अकाउंट हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कळला. आणि हीच पोरं शिकवायलाही घ्या, कराड-सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत एनएसएसची मुलं असतात, तयार केली की उत्तम बोलतात, पुण्याच्या क्विक हील फाउंडेशनचा महाराष्ट्र सायबर या राज्याच्या सायबर पोलीस विभागाबरोबरचा कॉलेजच्या मुलांचा उपक्रम याच पद्धतीचा आहे.

पैशाचं लवकर सांगते. पूर्ण रक्कम काम झाल्यावर, असं छोट्या संस्थेने कधीच घेऊ नये. आमचे एकदा आठ महिने अडकले होते, गाडीवाल्याचे आणि दोन ताईंचे पैसे मी घरातून दिले. सुरुवातीला चाळीस टक्के, पहिल्या भेटी झाल्यावर चाळीस, दुसऱ्या भेटींचा अहवाल दिल्यावर वीस, असं मागा. पूर्ण नाही मिळालं तरी काहीतरी आगाऊ मिळतं. बजेटमध्ये बॅनर-चहापेक्षा दर गावातल्या एका ताईचं मानधन धरा, उमेदची (बचत गटांच्या सरकारी अभियानाची) सीआरपी, म्हणजे गावातली गटांची कार्यकर्ती असेल तर सगळ्यात बरं, तिच्याकडं गटाच्या मीटिंगा आधीच असतात आणि पैसे गेले की बाई आधी तिच्याकडंच पळते. रिझर्व्ह बँकेने २०१७ पासून आर्थिक साक्षरता केंद्रं संस्था आणि बँका मिळून चालवायला घेतली, त्यात मला आवडलेली गोष्ट हीच की माणूस त्या भागात बसलेला असतो, कार्यक्रम करून निघून जात नाही. तुमच्या तालुक्याला असं केंद्र जोडलेलं असेल तर त्यांना आधी भेटा, एकाच गावात दोघांनी वेगवेगळं सांगायला नको. कागदं म्हणाल तर एनजीओ दर्पण या सरकारी पोर्टलचा नंबर, आयकराची १२ए नोंदणी, ऑडिट रिपोर्ट, सरकारी पैसे ज्यातून येतात त्या पीएफएमएसवर नोंदणी आत्ताच करून ठेवा, मार्च एंडला धावपळ होते, आणि उपयोगिता प्रमाणपत्राचा (पैसे कशावर खर्च झाले ते दाखवणाऱ्या कागदाचा) नमुना सही करायच्या आधीच मागून घ्या म्हणजे बिलं पहिल्या दिवसापासून तशी ठेवता येतात. पुढं एखादी कंपनी सीएसआर, म्हणजे समाजकामासाठीच्या निधीतून पैसे द्यायला तयार झाली तर सीएसआर-१ फॉर्म लागतो, तोपण भरून टाका.

आणि एका गोष्टीवर अजिबात माघार घेऊ नका. हजेरीच्या फॉर्मेटमध्ये आधार नंबर आणि मोबाइल नंबरचे रकाने येतील. आम्हाला आले होते. म्हणजे आपण पाऊण तास सांगायचं आधार कुणाला देऊ नका, आणि शेवटी वही फिरवून पंचवीस बायकांचे आधार नंबर एकाखाली एक लिहून घ्यायचे, मग त्याचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर तालुक्याला, तालुक्यावरून जिल्ह्याला. मी त्या बैठकीत सांगितलं की हे मी करणार नाही. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा दाखवला, कामापुरतीच माहिती घ्यायची हे त्याचं मूळ आहे. बरीच चर्चा झाली, शेवटी नाव, गाव, सही आणि गटाचा नंबर एवढ्यावर मिटलं. तुम्हीपण तेवढंच द्या.

अजून एक राहिलं. ट्रेनिंग झालं की संस्थेचं नाव गावात विश्वासाचं होतं, आणि त्याच नावाने फोन येऊ शकतो, की मी त्या ट्रेनिंगवाल्या ताईंच्या ऑफिसमधून बोलतोय, तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फी भरा. ज्यांचे पैसे गेलेत त्यांनाच परत असं गाठतात. म्हणून प्रत्येक सत्र संपताना आमच्या ताई उभं राहून सांगतात की आम्ही तुम्हाला कधीच फोन करून काही मागणार नाही, ना ओटीपी ना पैसे, आमचं नाव सांगून कुणी मागितलं तर तो चोर. आणि तुमच्या माणसांनी कुणाचा फोन हातात घेऊन तक्रार भरून देऊ नये, शेजारी बसून तिच्याकडूनच भरून घ्यावी, पिन टाकताना तोंड फिरवावं. उशीर झाला तरी चालेल.

बैठकीला जाल तेव्हा एवढं लिहून न्या: दोन भेटी, आगाऊ रक्कम, गावातल्या ताईचं मानधन, ठाण्याकडून महिन्याची माहिती, हजेरीत आधार नाही. दुसरी भेट आणि आधारचं सोडून बाकी थोडंफार मागं-पुढं झालं तरी चालेल, ते दोन मान्य नसेल तर पंधराच गावं स्वतःच्या हिमतीवर करा, मी येते मदतीला. आणि बॅनरच्या ऐवजी पत्र्याच्या छोट्या पाट्या करून घ्या, १९३० मोठ्या आकड्यात, खाली गावातल्या ताईचं नाव, गिरणीवर आणि दूध केंद्रावर कायमच्या ठोकायच्या. आमच्याकडं मराठी आणि कन्नड दोन्हीचं डिझाइन तयार आहे, जतच्या शिक्षिकेकडून तपासून घेतलेलं, सांगा म्हणजे पाठवते.